फट ठेवूनच बांधायचं इंजिन

पिस्टनभोवती बसणारी नवी रिंग बोअरमध्ये, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली सरकतो त्या सिलिंडरच्या पोकळीत, बसवली, की तिच्या दोन टोकांमध्ये बारीक फट दिसते. ती पाहून गाडीमालकाच्या पोटात गोळा येतो. आधीच गाडी निळा धूर मारते, ऑइल खाते म्हणून इंजिन उघडलेलं, हजारो रुपयांचं काम काढलेलं आणि आता नव्या रिंगेलाच फट! म्हापशापासून मडगावपर्यंत जुन्या गाड्या बांधणाऱ्या कुठल्याही गॅरेजात हा संवाद ऐकू येईल. ‘मेस्त, जरा घट्ट बसणारी रिंग नाही का मिळत?’ मेस्त हसतो आणि म्हणतो, ‘बाब, घट्ट बसवली तर पहिल्याच घाटात गाडी परत माझ्याकडे.’

मेस्ताचं खरं आहे. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना लोहार ती आधी तापवतो. तापली की तिचा घेर वाढतो, ती चाकावर बसते आणि निवली की आवळते. पिस्टनच्या रिंगेचं दुखणं याच्या उलटं आहे. ती आधीच बोअरच्या आत बंदिस्त असते. तापल्यावर तिचा घेर वाढतो, पण बाहेर जायला जागा नसते. वाढीला वाव मिळतो तो फक्त त्या फटीत.

हा हिशेब घरी बसून करता येतो. जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीचं इंजिन १०८९ सीसीचं, बोअरचा व्यास ६८ मिलिमीटर. म्हणजे रिंगेचा घेर साधारण २१३ मिलिमीटर. रिंग बीडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची. बीडाची लांबी दर अंश सेल्सिअसला साधारण एक लाखांश पटीने, किंचित जास्तच, वाढते. बोअरची भिंतही बीडाचीच, त्यामुळे दोन्ही सारख्याच तापल्या तर फटीत फारसा फरक पडत नाही. पण भिंतीमागे पाणी खेळत असतं आणि रिंगेला वरून ज्वाळेची धग लागत असते. दोघींच्या तापमानात १०० अंशांचा फरक धरला, तर रिंग सुमारे ०.२३ मिलिमीटरने जास्त वाढते. फट तेवढीच मिटते.

आता गॅरेजातला ठोकताळा बघा. बोअरच्या दर इंचाला चार थाउ, म्हणजे इंचाचे चार हजारांश, एवढी फट. पद्मिनीचा बोअर २.६८ इंचांचा, तेव्हा फट पावणेअकरा थाउच्या आसपास, म्हणजे ०.२७ मिलिमीटर. पदार्थविज्ञान ०.२३ मागतं, ठोकताळा ०.२७ देतो. वरचे चार शतांश मिलिमीटर म्हणजे साखळीहून चोर्ला घाट चढताना दुसऱ्या गिअरात तापणाऱ्या इंजिनाची बेगमी. अर्थात गाडीच्या मॅन्युअलमध्ये आकडा दिलेला असेल, तर तोच प्रमाण मानायचा.

फट पुरेशी नसेल तर टोकं एकमेकांना भिडतात. तरीही रिंग वाढतच राहते आणि भिंतीवर रेटली जाते. तेलाचा पापुद्रा फाटतो, बोअरवर उभे ओरखडे पडतात, कधी रिंग तुटते, कधी पिस्टनची कड उडते. फट थोडी जास्त असेल तर? तिथून वायू निसटतो, पण ती वाट फटीच्या रुंदीइतकी आणि पिस्टन-भिंतीमधल्या अंतराइतकीच असते, म्हणजे एक चौरस मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग. ३००० आरपीएमला पॉवर स्ट्रोक, म्हणजे स्फोटाने पिस्टन खाली ढकलला जाण्याचा टप्पा, सेकंदाच्या शंभराव्या भागात संपतो. एवढ्या वेळात एवढ्याशा वाटेने जाऊन जाऊन किती जाणार? म्हणून शंका असेल तेव्हा फट दोन थाउ जास्तच ठेवावी, या मताचा मी आहे.

मग वायू अडवतो कोण? रिंगेचा ताण नव्हे. तो अगदी किरकोळ असतो. स्फोटाचा दाब रिंगेच्या वरून, ती ज्यात बसते त्या पिस्टनच्या खाचेत शिरतो, मागून तिला भिंतीवर दाबतो आणि स्वतःचीच वाट बंद करतो. १८५० च्या दशकात इंग्लंडमधल्या रेल्वेचे इंजिनिअर जॉन रॅम्सबॉटम यांनी वाफेच्या इंजिनासाठी अशी चिरलेली धातूची रिंग रूढ केली. त्याआधी पिस्टनला चरबीत भिजवलेला ताग गुंडाळत.

फट मोजताना घेर आणि व्यास यांचं नातं लक्षात ठेवायला हवं. बोअर एक दशांश मिलिमीटरने झिजला, तर फट तीन दशांशाहून जास्त वाढते, कारण घेर व्यासाच्या ३.१४ पट. म्हणजे साधी रिंग आणि फिलर गेज (फटी मोजायच्या पातळ पट्ट्या) एवढ्यावर बोअरची झीज मोजता येते. खाली, जिथे रिंग फारशी पोचत नाही, तिथे फट ०.२७ आली आणि वर ०.५८, तर फरकाला ३.१४ ने भागा: वरचा बोअर ०.१ मिलिमीटरने मोठा झाला आहे. झीज वरच जास्त होते, कारण तिथे पिस्टन क्षणभर थांबतो, तेलाचा थर तुटतो आणि नेमका तेव्हाच दाब सर्वांत जास्त असतो.

इथेच फसगत होते. झिजलेल्या बोअरमध्ये वरच्या तोंडाशी फट बरोबर ०.२७ जुळवली, की खाली गेल्यावर ती शून्याच्याही पलीकडे जाते आणि रिंग थंड असतानाच अडकते. बोअर पुन्हा मारलेला, म्हणजे यंत्रावर कापून एकसारखा मोठा केलेला, नसेल, तर माप खालीच घ्यायचं. पिस्टन उलटा धरून रिंग खाली ढकलायची, म्हणजे ती तिरपी बसत नाही. तिरप्या रिंगेची फट खोटी असते.

फट कमी असेल तर टोकं घासायची. बारीक कानस व्हाइसमध्ये आवळायची आणि रिंग तिच्यावरून एकाच दिशेने, बाहेरच्या अंगाकडून आत न्यायची. उलट घासलं तर बाहेरच्या क्रोमच्या मुलाम्याचा टवका उडतो. दोन-तीन हात मारले की पुन्हा बोअरमध्ये घालून मोजायचं. शेवटी कडेला उठलेली कोर ऑइलस्टोनने मारायची. एका सिलिंडरला जुळवलेली रिंग दुसऱ्यात घालू नये.

गोव्यात १९६१ च्या आधीच्या गाड्यांच्या रिंगा सहजासहजी मिळत नाहीत. मग दुसऱ्या गाडीची थोडी मोठी रिंग घासून बसवण्याचा मोह होतो. अर्धा मिलिमीटर मोठी रिंग म्हणजे टोकांतून दीड मिलिमीटर कापावं लागणार. ते जमतं, पण रिंग तिच्या ठरलेल्या व्यासालाच पूर्ण गोल असते, लहान बोअरमध्ये ती गोल राहत नाही. बोअरखाली बॅटरी धरून वरून बघा: जिथे उजेड झिरपतो तिथून ऑइल वर येणार. पावसाळाभर गाडी सुरूच केली नसेल, तर दमट खाऱ्या हवेने रिंगेच्या उंचीवर बोअरला गंजाचं कडं पडतं. त्यातले खड्डे हॉनिंगने, म्हणजे भिंत दगडांनी बारीक घासून, गेले नाहीत, तर बोअर मारायलाच हवा.

दुसऱ्या रिंगेची फट हल्ली पहिलीपेक्षा थोडी जास्त ठेवतात. दोन रिंगांमध्ये वायू कोंडला तर तो वरची रिंग खाचेतून उचलतो, म्हणून त्याला खाली सुटायला वाट द्यायची. ऑइलच्या रिंगेसकट तिन्ही रिंगांच्या फटी एकमेकींपासून १२० अंशांवर ठेवायची रीत चांगली आहे, पण त्यावरून भांडू नये. चारस्ट्रोक इंजिनात रिंगा चालता चालता फिरतातच. जुन्या टूस्ट्रोक स्कूटरमध्ये मात्र खाचेत पिन असते, नाहीतर रिंग फिरून तिचं टोक पोर्टमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या वायूच्या खिडकीत, अडकून तुटेल.

इंजिन बांधून झालं की अंगणात तासभर आयडलिंगवर ठेवू नका. दाब नसेल तर रिंग हॉनिंगच्या रेघांवर बसत नाही आणि बोअर नुसता गुळगुळीत होतो. पणजी-फोंडा रस्त्यावर न्या, थोडा ॲक्सिलरेटर द्या, सोडा, परत द्या. चोर्ला घाट मात्र पहिल्या काही दिवसांत नको.