डाळ बंद, पण उसाचा रस चालू

सांगलीकडं कुणाचं युरिक ॲसिड ८ आलं की घरात पहिला हुकूम सुटतो तो डाळ बंद, टोमॅटो बंद, पालक बंद. आणि तोच गडी दुपारी रसवंतीवर दोन ग्लास रस मारून येतो, त्याला कोण काय म्हणत नाही, कारण रस थंड असतो म्हणे!

आता हे ॲसिड येतं कुठनं बघा. पेशींमधे प्युरीन नावाचं द्रव्य असतं, पेशी मोडल्या की त्याचं शेवटी युरिक ॲसिड होतं. यातला साधारण दोन तृतीयांश माल शरीर स्वतःच काढतं, जेवणातनं येतो तो एक तृतीयांश. बाहेर टाकायचं काम मुख्यतः किडनीचं, बाकीचं आतड्यांचं. रक्तात ते डेसिलिटरला ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेलं की पूर्ण विरघळून राहत नाही, सांध्यात सुईसारखे स्फटिक धरायला लागतात. पायाचा अंगठा शरीराच्या मानानं गार, त्यामुळं बऱ्याचदा पहिला नंबर त्याचाच, मध्यरात्री असा ठणका लागतो की चादर घासली तरी माणूस ओरडतो. यालाच गाऊट म्हणतात.

आता उसाचा रस. त्यात प्युरीन नसल्यातच जमा, पण साखर भरपूर, आणि साखर म्हणजे अर्धं ग्लुकोज, अर्धं फ्रुक्टोज. हे फ्रुक्टोज लिव्हरमधे गेलं की तिथल्या पेशी एटीपी म्हणजे आपलं ऊर्जेचं इंधन भसाभस खर्च करतात, आणि त्या एटीपीचा जो चुरा उरतो तो मोडत मोडत युरिक ॲसिड होतो. म्हणजे मटणाचा तुकडा न खाता पण आकडा चढतो! गूळ 'नॅचरल' म्हणून सुटत नाही, त्यातही तीच साखर. कोल्ड्रिंकचं तर विचारूच नका. तासगावचे बेदाणे चार-पाच तोंडात टाकले तर ठीक, पण मूठ-मूठ खाल्ले तर द्राक्षाची साखरच आटवून खाल्ल्यासारखं आहे.

डाळीवर मात्र उगाच आळ. २००४ मधे अमेरिकेत ४७ हजारांवर पुरुषांचा १२ वर्षांचा अभ्यास छापून आला, त्यात मटण-मासे जास्त खाणाऱ्यांना गाऊट जास्त झाला, प्युरीनवाल्या भाज्या-कडधान्यांनी धोका वाढला नाही, आणि कमी फॅटचं दूध-दही खाणाऱ्यांना तर कमीच झाला. तेव्हा आमटी खा, वर ताक प्या.

बंदच करायचं तर आखाडातल्या पार्टीचं बघा. कलेजी, गुर्दा, सुकट यात प्युरीन ठासून, सोबत बीअर, तिच्यात स्वतःचं प्युरीन, वर दारूनं लॅक्टिक ॲसिड वाढतं आणि किडनी युरिक ॲसिड धरून ठेवते. कडक उपवासात चरबी जळून तयार होणारे कीटोन पण किडनीला असंच अडवतात, म्हणून झटपट वजन उतरवायच्या नादात काहींना गाऊटचा अटॅक येतो, हळूहळू उतरवलं तर फायदाच.

पथ्यानं आकडा उतरतो, पण बऱ्याचदा एखाद्या पॉइंटनंच, कारण आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. बीपीच्या काही लघवीच्या गोळ्यांनी पण तो चढतो, पण त्या आपल्या मनानं सोडू नका, डॉक्टरांना विचारा. नुसता रिपोर्ट जास्त आणि त्रास काहीच नाही, तर बहुतेकांना औषध लागत नाही. पण गाऊटसाठी ॲलोप्युरिनॉल, म्हणजे युरिक ॲसिड उतरवायचं औषध, लावून दिलं असेल तर ठणका थांबला म्हणून डबी कपाटात टाकायची नाही, आकडा ६ च्या खाली ठेवला तरच जुने स्फटिक विरघळतात, आणि त्याला महिनेच्या महिने जातात.