जुन्या संगणकाचं बटण दाबण्याआधी

आमच्या महाविद्यालयाच्या माळ्यावरून नव्वदच्या दशकातला एक संगणक खाली उतरवला, तेव्हा भोवती जमलेल्या मुलांचा एकच धोशा होता: "सर, चालू करून बघू या ना!" मी आधी स्क्रू-ड्रायव्हर मागवला. झाकण उघडलं तर बॅटरीभोवती हिरवट-निळी पूड साचलेली, आणि तिच्याखाली मदरबोर्डवरच्या तांब्याच्या रेषा जागोजागी कुरतडल्यासारख्या तुटलेल्या.

ही घड्याळासाठी बसवलेली निकेल-कॅडमियमची छोटी बॅटरी. वर्षानुवर्षं पडून राहिली की ती पाझरते, आणि आतला अल्कधर्मी द्राव तांबं खातो. म्हणून जुनं यंत्र हाती आलं की पहिल्यांदा बॅटरी काढायची. मग व्हिनेगरच्या बोळ्यानं अल्क मारायचा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलनं बोर्ड पुसून काढायचा.

वीज साठवणाऱ्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचंही तसंच. त्यातला ॲल्युमिनियम ऑक्साइडचा पातळ थर न वापरता विरत जातो. एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं तर कपॅसिटर तापून फुटू शकतो. जाणकार तो सुटा करून व्होल्टेज हळूहळू चढवतात.

त्यात आपली मुंबईची हवा! समुद्राकडून येणारं मीठ ओल धरून ठेवतं आणि पिना गंजवतं. पावसाळ्यात फ्लॉपीवर बुरशी चढते. दिवसा एसी आणि रात्री बंद, हे तर मला सगळ्यात घातक वाटतं, कारण दमटपणा रोज वरखाली होत राहतो.

गंमत म्हणजे या संगणकाच्या कितीतरी आधीच्या यंत्रांची स्मृती (मेमरी) जास्त चिवट होती. मुंबईच्याच टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 साली सुरू झालेल्या टिफ्रॅक या संगणकात फेराइट या चुंबकीय पदार्थाची इवली कडी तारांत ओवलेली होती. बिट म्हणजे 0 किंवा 1; अशा 40 बिटांच्या गटाला 'शब्द' म्हणत. असे 2048 शब्द, म्हणजे 81,920 कडी. एका कड्यात एक बिट, आणि वीज गेली तरी चुंबकत्व टिकून. उलट नंतरच्या ईप्रॉम, म्हणजे प्रोग्रॅम साठवणाऱ्या आणि अतिनील प्रकाशानं पुसता येणाऱ्या चिपवर काचेची खिडकी असते. साफसफाईत तिच्यावरचा स्टिकर निघाला आणि चिप काही दिवस उन्हात राहिली, तर आतला प्रोग्रॅम पुसला जाऊ शकतो. असे स्टिकर मी कुणाला हातही लावू देत नाही.

आमच्या संगणकाच्या झाकणावर आतून एक पिवळा कागद चिकटवला होता: "आधी प्रिंटर चालू करावा." बाकी सगळं पुसून घेतलं, तो कागद तसाच ठेवलाय.