दर्शक, दिवस-रात्र (चिलखती वाहनांवरील)

रणगाडा व पायदळाची चिलखती गाडी यांसारख्या वाहनांवरून उजेडात आणि अंधारात लक्ष्य शोधून त्यावर नेम धरण्याचे इलेक्ट्रो-ऑप्टिकल उपकरण. दृश्य प्रकाशाची दुर्बीण किंवा कॅमेरा, औष्णिक प्रतिमादर्शक (वस्तूच्या उष्णतेवरून चित्र उमटवणारा) आणि लेसर अंतरमापक त्यात सहसा एकत्र असतात. गाडी खडबडीत जमिनीवरून धावतानाही दृष्टिरेषा ढळू नये म्हणून ती जायरोस्कोपच्या आधारे स्थिर राखतात. लेसरचा स्पंद जाऊन परतायला लागलेल्या दर मायक्रोसेकंदामागे सुमारे १५० मी. अंतर धरले जाते.

अवरक्त, म्हणजे तांबड्यापलीकडील व डोळ्याला न दिसणाऱ्या, प्रकाशातील प्रतिमा दृश्य करणारी नळी नेदरलँड्समध्ये होल्स्ट व सहकाऱ्यांनी १९३४ मध्ये बनवली. रणगाड्यावरील पहिल्या वापराचे श्रेय बहुधा जर्मनीला दिले जाते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस काही पँथर रणगाड्यांवर अवरक्त झोतदिवा व तशी नळी बसवली गेली, याबद्दल दुमत नाही. मात्र १९४५ मधील त्यांच्या रात्रीच्या लढायांची वर्णने एकमेकांशी जुळत नाहीत आणि त्यांतील बरीच युद्धानंतर सांगितलेल्या आठवणींवर उभी आहेत. रणांगणावर त्यांचा प्रभाव अल्प होता, हे मत अधिक ग्राह्य वाटते. पुढे सोव्हिएत टी-५५ व टी-७२ वर ‘लूना’ झोतदिवा आला. झोत टाकणारा रणगाडा शत्रूच्या अवरक्त दर्शकातही उजळून दिसतो, हा या पद्धतीचा मूळ दोष होता. चांदण्याचा अत्यल्प प्रकाश वाढवणाऱ्या प्रतिमावर्धक नळ्यांनी तो टळला, पण त्यांनाही थोडा प्रकाश लागतोच.

औष्णिक दर्शक वस्तूचे स्वतःचे प्रारण (तिच्यातून बाहेर पडणारे अवरक्त किरण) टिपतो. वातावरण ३ ते ५ आणि ८ ते १२ मायक्रोमीटर या दोन पट्ट्यांत बऱ्यापैकी पारदर्शक असते. त्यांतला कोणता निवडावा हा जुना वाद आहे. सामान्य तापमानाच्या वस्तूंचे प्रारण सुमारे १० मायक्रोमीटरला सर्वाधिक असते आणि धूर व धुळीतून लांब तरंग अधिक चांगले पार होतात, म्हणून वाळवंटी युद्धासाठी दुसऱ्या पट्ट्याची बाजू भक्कम ठरते. दमट हवेत मात्र पाण्याची वाफ हाच पट्टा अधिक शोषते; कोकणपट्टीसारख्या प्रदेशात लांब पल्ल्यासाठी पहिला पट्टा सरस मानणे योग्य होय. पावसाची मर्यादा दोन्हींना आहे. ठाणे खाडीकाठी सर संपल्यावर चिखल, झाडी आणि उभ्या गाडीचा पत्रा जवळपास एकाच तापमानाला येतात आणि चित्र सपाट होते. पहाटे व सायंकाळी वस्तू व तिच्या परिसराची तापमाने एकमेकांना ओलांडतात तेव्हाही असेच घडते. इंजिन नुकतेच चाललेले असेल तर गाडी तेवढी उठून दिसते.

साधी काच या तरंगांना अपारदर्शक असल्याने औष्णिक दर्शकाची खिडकी बहुधा जर्मेनियमची असते. ती धातूसारखी करडी, चकचकीत दिसते आणि डोळ्याला तिच्यातून काहीही दिसत नाही. जर्मेनियमचा अपवर्तनांक सुमारे ४ असल्याने परावर्तनरोधी लेप नसेल, तर प्रत्येक पृष्ठावर एकतृतीयांशाहून अधिक प्रारण वाया जाते. यामुळेच या लेपाचे ओरखड्यांपासून रक्षण करणे देखभालीत महत्त्वाचे ठरते. प्रारण टिपणारे संवेदनशील शोधक सुमारे ७७ केल्व्हिनपर्यंत (उणे १९६° से.) थंड करावे लागतात. सूक्ष्मबोलोमीटर या तापल्यावर विद्युत रोध बदलणाऱ्या शोधकाला त्याची गरज नसते, पण त्याचा पल्ला कमी भरतो.

भारतात या दर्शकांचे संशोधन मुख्यतः डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेच्या देहरादून येथील प्रयोगशाळेत होते. ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथचा मशीन टूल प्रोटोटाइप कारखाना २०२१ पासून आर्मर्ड व्हेइकल्स निगम या चिलखती वाहने बनवणाऱ्या सरकारी कंपनीत आहे. नवी मुंबईतील तळोजा येथे भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी संरक्षण-इलेक्ट्रॉनिक्स कंपनीचा कारखाना असला, तरी या कंपनीचे प्रकाशकीय उत्पादन प्रामुख्याने मछलीपट्टणम व पुणे येथे चालते.