आद्य मध्ययुगीन दगडी क्रॉसची डिजिटल नकाशानोंद

ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये साधारण ५ व्या ते ११ व्या शतकात घडवलेले उभे क्रॉस, क्रॉस कोरलेल्या शिळा आणि त्यांचे तुकडे यांची जागा, प्रकार, काळ आणि आजची अवस्था नकाशाच्या डेटाबेसमध्ये भरायचं काम. सुरुवात सहसा छापील सूच्यांपासूनच होते, स्कॉटलंडसाठी अ‍ॅलन-अँडरसन (१९०३), वेल्ससाठी नॅश-विल्यम्स (१९५०), आयर्लंडसाठी हार्बिसन (१९९२), आणि इंग्लंडसाठी डरहॅम विद्यापीठाच्या प्रकल्पाचे १९८४ पासून निघत आलेले खंड.

घोळ होतो तो जागेत. जुन्या ब्रिटिश नोंदींत जागा ग्रिडच्या (ब्रिटनच्या राष्ट्रीय नकाशाच्या चौकोनी जाळ्याच्या) आकड्यांत दिलेली असते, आणि ६ आकडी संदर्भ म्हणजे एक बिंदू नव्हे तर १०० मीटर बाजूचा अख्खा चौकोन, आकडे फक्त त्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्याचे. ते तसेच अक्षांश-रेखांशात बदलले की ठिपका कोपऱ्यावर बसतो आणि चर्चच्या आवारातला क्रॉस शेजारच्या शेतात दिसायला लागतो (८ आकडी असेल तर चौकोन १० मीटरचा, तेवढं चालतं). त्यात हे ग्रिड पृथ्वीच्या आकाराच्या १८३० सालच्या मापावर बेतलेलं आणि जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या नव्या जागतिक मापावर, त्यामुळे मधलं रूपांतर राहून गेलं तर आणखी १०० मीटरच्या आसपास फरक पडू शकतो. स्क्रीनवर मात्र ठिपका एकदम नेमका दिसतो. म्हणून अचूकता किती हे सांगणारा वेगळा कॉलम हवाच, तो नसलेला डेटा जपूनच वापरावा.

दुसरं म्हणजे कुठली जागा धरायची? स्कॉटलंडच्या आयोना बेटावरचा सेंट मार्टिन क्रॉस मूळ जागीच उभा आहे असं मानतात, तिथे प्रश्न नाही. पण आयर्लंडमधल्या क्लॉनमॅकनॉइज मठाचे मोठे क्रॉस १९९० च्या दशकात इमारतीच्या आत हलवले आणि बाहेर प्रतिकृती उभ्या केल्या, म्हणजे एका क्रॉसला दोन ठिपके, आणि प्रतिकृतीवर तसं लिहिलं नाही तर मोजणीत दुप्पट. स्कॉटलंडमधल्या रथवेलच्या क्रॉसचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं आहे. १६४२ मध्ये तो क्रॉस फोडला, १८२३ मध्ये हेन्री डंकन या पाद्रीने तुकडे जुळवून पाद्र्याच्या घराच्या बागेत उभा केला, १८८७ मध्ये तो चर्चच्या आत गेला, आणि क्रॉसची आडवी भुजा तर डंकननेच नवीन बसवलेली. खालच्या आणि वरच्या दगडात फरक दिसतो, त्यावरून कला-इतिहासकार फ्रेड ऑर्टन यांनी हा आधी स्तंभ असावा, क्रॉस नंतर झाला असं मांडलं. बहुतेक अभ्यासक पहिल्यापासून क्रॉसच धरतात आणि ते जास्त पटण्यासारखं आहे, पण डेटाबेसमध्ये ‘प्रकार’ या रकान्यात एकच शब्द बसतो, आणि तो निवडला की वादात एक बाजू आपोआप घेतली जाते. ‘सापडलेली जागा’, ‘आजची जागा’ आणि ‘आधीच्या जागा’ असे तीन रकाने ठेवले तर निदान इतिहास तरी हरवत नाही.

काळाचंही तसंच. आयर्लंडमधल्या मोनास्टरबॉइस मठाच्या एका क्रॉसवर मुइरेदाख हे नाव कोरलंय. तो ९२३-२४ च्या सुमारास वारलेला मठप्रमुख असावा असं सहसा म्हणतात, पण त्याच नावाचा ९ व्या शतकातलाही एक माणूस पुढे केला जातो, म्हणून एक साल न टाकता सुरुवात आणि शेवट अशी मर्यादा देणं बरं. नाव कोरलेलेच क्रॉस थोडे, बाकीच्यांचा काळ बहुतेक नक्षीच्या शैलीवरून ठरवलेला असतो.

फोटोंवरून थ्रीडी मॉडेल करून ते ठिपक्याला जोडायची पद्धतही आता रूढ आहे, झिजलेली अक्षरं त्यात बरी दिसतात.

भारतात याच्या जवळचा गट म्हणजे पहलवी (जुन्या इराणी भाषेतले) लेख असलेले क्रॉस, चेन्नईच्या सेंट थॉमस माउंटचा (१५४७ मध्ये सापडलेला), कोट्टयमचे, आणि गोव्यात आगशीजवळ २००१ मध्ये मिळालेला. लेखाच्या वाचनावर १८७३ पासून, म्हणजे बर्नेल या अभ्यासकापासून, मतभेद आहेत आणि काळ ६ वं ते ९ वं शतक असा ढोबळच दिला जातो.