जवसाचं तेल, कातडी आणि मेलॅनिन

मे महिन्यात नागपुरात जवसाच्या तेलाची काचेची बाटली खिडकीत राहून गेली, की झाकण उघडताच ऑइलपेंटच्या डब्यासारखा वास येतो. तेल खवट झालं. भेसळ नाही, काही नाही. नुसतं ऊन आणि हवा. भर उन्हात आपल्या कातडीतल्या स्निग्धांशाचंही हेच होतं. पण या दोन गोष्टींचं नातं कळायला बराच काळ जावा लागला.

१८०१ मध्ये रिटर या जर्मन शास्त्रज्ञाने उन्हातले जांभळ्याच्या पलीकडचे, न दिसणारे किरण, म्हणजे अतिनील किरण, शोधले. चांदीचा क्षार तिथे सर्वांत लवकर काळा पडत होता. पुढे वीसेक वर्षांनी सोस्यूर या स्विस शास्त्रज्ञाने अक्रोडाचं तेल किती ऑक्सिजन शोषतं ते मोजलं. कित्येक महिने जवळपास काहीच नाही, आणि मग काही दिवसांतच भसाभस! या उशिरा येणाऱ्या उसळीचा उलगडा १९४०च्या दशकात झाला, तोही रबरावर काम करणाऱ्या इंग्लंडमधल्या रसायनशास्त्रज्ञांकडून. एक मुक्त मूलक (जोडीविना इलेक्ट्रॉन असलेला, म्हणून चटकन भिडणारा कण) तेलातल्या मेदाम्लाच्या रेणूतला हायड्रोजन हिसकावतो, रिकाम्या जागी ऑक्सिजन चिकटतो, आणि तो बिघडलेला रेणू शेजाऱ्याचा हायड्रोजन ओढतो. एकदा साखळी लागली की थांबत नाही.

मेलॅनिनची, म्हणजे कातडीला आणि केसांना रंग देणाऱ्या द्रव्याची, कथा वेगळ्याच वाटेने चालली होती. हे नाव १८४०च्या सुमारास बर्झेलियस या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने वापरलं. पुढे बराच काळ मेलॅनिन म्हणजे कातडीवरची छत्री, इतकीच समजूत. ती खोटी नव्हती: किरण शोषून त्यांची उष्णता करून टाकणं हे त्याचं मुख्य काम आहेच. पण १९५४ मध्ये कॉमनर हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मेलॅनिनमध्येच टिकाऊ मुक्त मूलक सापडले. म्हणजे हा पदार्थ इलेक्ट्रॉन देऊ-घेऊ शकतो, साखळी मधेच तोडू शकतो. शिवाय ती भडकवणारं लोहही तो बांधून ठेवतो. तेल आणि कातडी इथे एकत्र आली, असं मला वाटतं.

छत्री मात्र भोकाची आहे. १९७९च्या एका मोजणीत गडद कातडीच्या वरच्या थरातूनही यूव्हीबी (अतिनील किरणांचा एक प्रकार) सुमारे ७ टक्के पार गेले. गोऱ्या कातडीतून २९. त्यामुळे सावळ्या माणसानेही दुपारी दुपट्टा बांधावाच.

आणि सगळं मेलॅनिन सारखं नसतं. लाल केसांतलं फिओमेलॅनिन उलटंही वागतं: २०१२ मध्ये तसं रंगद्रव्य असलेल्या उंदरांच्या कातडीत, अतिनील किरण न पाडताही, स्निग्धांशाची नासाडी रंगहीन उंदरांपेक्षा जास्त आढळली.