झिम्बाब्वेवर निर्बंध होते, पण नक्की कोणावर?

‘पाश्चात्त्यांच्या निर्बंधांनी झिम्बाब्वे बुडवला’ हे वाक्य गेली वीसेक वर्षं फिरतंय. ऐकायला पटतं, पण तारखा जुळत नाहीत. गोऱ्या शेतकऱ्यांच्या शेतजमिनी धडाक्याने ताब्यात घेणं सुरू झालं २००० साली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कर्जाचे हप्ते थकले फेब्रुवारी २००१मध्ये. युरोपीय संघाचे निर्बंध आले फेब्रुवारी २००२मध्ये, अमेरिकेची निर्बंधांची यादी मार्च २००३मध्ये. म्हणजे घर आधीच पेटलं होतं.

आणि यादीत होतं कोण? तेव्हाचे अध्यक्ष मुगाबे, त्यांचे मंत्री, बडे अधिकारी, पुढे काही कंपन्या. त्यांची परदेशातली मालमत्ता गोठवली, प्रवासावर बंदी घातली. शस्त्रास्त्रं सोडली तर देशाशी व्यापाराला सरसकट मनाई नव्हतीच. शंभर ट्रिलियन झिम्बाब्वे डॉलरची ती प्रसिद्ध नोट निघाली, ती बेसुमार नोटा छापल्यामुळे.

मात्र ‘सामान्यांना झळ बसलीच नाही’ ही उलटी थापही नको. अमेरिकेच्या डिसेंबर २००१च्या कायद्याने जागतिक वित्तसंस्थांनी झिम्बाब्वेला नवं कर्ज देण्याला विरोध करायचं ठरवलं. शिवाय नसती कटकट नको म्हणून काही परदेशी बँकांनी तिथल्या बँकांशी व्यवहारच तोडले. मार्च २०२४मध्ये अमेरिकेने जुनी यादी गुंडाळली. झिम्बाब्वेचे अध्यक्ष म्नांगाग्वा यांचं नाव मात्र लगेच दुसऱ्या यादीत घातलं.