माड, खळे आणि दोघांचे घर : गोव्यातील शरदातल्या घरकामांची पार्श्वभूमी

पितृपंधरवडा सरून घट बसले की फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे या भागांतल्या जुन्या घरांत वर्षातला दुसरा मोठा कामाचा हंगाम सुरू होतो. पहिला हंगाम वैशाखातला; तेव्हा येणाऱ्या पावसाची तयारी असते. दुसरा आश्विन-कार्तिकातला, तेव्हा गेलेल्या पावसाने जे करून ठेवले ते निस्तरायचे असते. आज कित्येक घरांत ही कामे निवृत्त नवरा-बायकोच करतात, कारण घरात तीच दोघे उरलेली असतात. २०११ च्या जनगणनेनुसार साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण देशात ८.६ टक्के होते, तर गोव्यात ११.२ टक्के, म्हणजे केरळच्या खालोखाल. मुले पुण्याला, बेंगळुरूला किंवा आखातात असतात आणि चतुर्थीला येऊन गेलेली असतात. त्यामुळे गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधायला आणि पंक्ती वाढायला जे हात घरात असतात, ते शरदातल्या कामांना मिळत नाहीत. हा भार दोन म्हाताऱ्या माणसांवर कसा येऊन पडला हे समजून घ्यायचे, तर ही कामे मुळात कोणाच्या भरवशावर आखलेली होती ते पाहावे लागते.

गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. जांभ्याच्या चिऱ्यांत हे पाणी मुरते आणि भिंतींवर, पायऱ्यांवर शेवाळ धरते. ओटीच्या कडेला आणि पावसाच्या माऱ्यातल्या भिंतींना लावलेले चुडतांचे (माडाच्या झावळ्यांचे) झाप शरदात उतरवतात; मागची भिंत घासून, वाळवून तिला चुना काढावा लागतो, आणि हा चुना पूर्वी खाडीतल्या शिंपल्या भाजून केलेला असे. अंगणातली माती वाहून गेलेली असते, म्हणून गवत तासून, नवी माती पसरून, ती पेटण्याने, म्हणजे लाकडी थापीने, चोपून आणि शेणाने सारवून खळे, म्हणजे घरापुढचे अंगण, नव्याने करावे लागते. कार्तिक शुद्ध द्वादशीला तुळशीचे लग्न लागते आणि त्याआधी खळे व वृंदावन दोन्ही तयार हवीत, ही या सगळ्याची पक्की मुदत. घरात पुरुमेंताचा (पावसाळ्यासाठी भरून ठेवलेल्या जिनसांचा) उरलेला साठा, म्हणजे मिरच्या, सोले (कोकमे), काळे वाटाणे, पुन्हा उन्हात घालायचा असतो, आणि बुरशीचा वास धरलेल्या गोधड्यांनाही तेच ऊन लागते. कौले परतण्याचे काम वैशाखातले खरे, पण गळती कुठे झाली ते शरदातच वाशावर खडूने लिहून ठेवणारी घरे शहाणी म्हणायची. मे महिन्यापर्यंत ते कोणाच्याच लक्षात राहत नाही.

या कामांचा प्राचीन इतिहास मांडण्याची येथे गरज नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फोंडा-पेडण्याकडचे हे महाल नव्या काबिजादी, म्हणजे नंतर जिंकलेला मुलूख, म्हणून पोर्तुगीज सत्तेखाली आले, पण घर कसे चालवावे यात त्यामुळे फारसा फरक पडला नाही. मोठ्या घरात भाऊ-भावजया एकत्र असत आणि बाकीचे काम वाड्यावरची, म्हणजे भोवतालच्या वस्तीतली, माणसे करीत. माडावर चढायला पाडेली, खळे चोपायला कुळे, सारवायला आणि भात उकडायला मुंडकारांच्या घरच्या बायका. या देवाणघेवाणीबद्दल आज काही जण हळवे होऊन बोलतात. ते अर्धेच खरे आहे. मुंडकाराची झोपडी भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत उभी असे, तेव्हा कामाचे बोलावणे नाकारणे त्याला परवडणारे नव्हते, आणि घरच्या सुनांनाही नकार देण्याची सोय नव्हती.

हे चित्र १९६१ मधल्या गोवामुक्तीनंतरच्या पंधरा वर्षांत बदलले. १९६४ मध्ये कूळ कायदा आला, १९७१ मध्ये मुंडकार, शेतमजूर आणि गावकारागीर यांना घरातून काढण्यास मनाई झाली, १९७५ मध्ये मुंडकारांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि १९७६ च्या दुरुस्तीने कसणाऱ्याला जमिनीची मालकी देऊ केली. मुंडकाराला आपले घर आणि भोवतालची जागा, पंचायत क्षेत्रात ३०० व पालिका क्षेत्रात २०० चौरस मीटरपर्यंत, विकत घेण्याचा हक्क मिळाला. ज्यांचे घर स्वतःचे झाले, त्यांनी दुसऱ्याचे अंगण सारवायला येणे बंद केले, आणि ते योग्यच झाले. त्याच काळात गावोगावी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, सरकारी कचेऱ्या वाढल्या, आणि कुळांची, मुंडकारांची व भाटकारांची मुले एकाच वेळी शिक्षक, तलाठी, कारकून झाली. आज सत्तरी-पंचाहत्तरीत असलेली निवृत्त जोडपी याच पिढीतली आहेत. मंगळूरला १८६५ मध्ये कौलांचा पहिला कारखाना निघाल्यापासून नळ्यांची, म्हणजे अर्धगोल देशी कौलांची, जागा हळूहळू मंगळुरी कौलांनी घेतली होती. या पिढीने पगाराच्या आणि कर्जाच्या जोरावर मागच्या पडवीवर स्लॅब घातला, शेणाच्या जमिनीवर फरशी आणली आणि चुलीच्या जागी गॅस बसवला. यामुळे दर वर्षी करावी लागणारी बरीच कामे संपली. खळे मात्र मातीचेच राहिले, आणि माड उभेच राहिले.

माडाचा प्रश्न थोडा सविस्तर पाहिला पाहिजे, कारण शरदातल्या कामांपैकी हे एकच काम पैसे मोजूनही वेळेवर होत नाही आणि याच झाडावरून राज्यात सर्वांत मोठा वाद झाला. पाऊस उघडला की माडाच्या शेंड्यातली सुकलेली चुडते आणि पोयी (फुलोऱ्यावरची आवरणे) काढून शेंडा साफ करावा लागतो; गेंडा भुंगा आणि सोंड्या भुंगा तेथेच राहतात. वर्षाच्या खताचा दुसरा हप्ता सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बुंध्याभोवतीच्या आळ्यात घालायचा असतो. नारळ साधारण दर अडीच-तीन महिन्यांनी उतरवतात, पण पावसात बुंधा निसरडा झाल्याने एक पाडप बहुधा चुकते आणि दिवाळीआधीची पाडप जड जाते. तुळशीच्या लग्नाला, फराळाला आणि रोजच्या हुमणाला (माशांच्या आमटीला) नारळ लागतो तो वेगळाच. १९९८ मध्ये केरळात प्रथम आढळलेला इरिओफाइड कोळी पुढे पश्चिम किनाऱ्यावर पसरला, आणि तेव्हापासून नारळ लहान व खरबरीत निघू लागले, म्हणून शेंड्याकडे लक्ष देणे अधिकच गरजेचे झाले. चढणारा माणूस मात्र याच वर्षांत कमी होत गेला. पाडेल्याचा मुलगा नोकरीला लागला, आणि बापासारखे चाळीस फुटांवर चढून मोडक्या कमरेने म्हातारपण काढायचे नाही असे त्याने ठरवले असेल, तर त्याला कोणत्या तोंडाने दोष द्यायचा?

अशा परिस्थितीत कायद्याचा वाद उभा राहिला. गोव्याचा वृक्षसंरक्षण कायदा १९८४ चा आहे आणि त्याखाली झाड तोडण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते. २००८ मधील दुरुस्तीने माड त्याच्या व्याख्येत आला. जानेवारी २०१६ मध्ये विधानसभेने नवी दुरुस्ती करून माडाला व्याख्येतून वगळले. सरकारपक्षाचे म्हणणे असे होते की, म्हातारे, उत्पन्न न देणारे माड काढून नवे लावायचे असतील तर शेतकऱ्याला परवानगीसाठी खेटे घालावे लागू नयेत. त्याला जोड म्हणून वनस्पतिशास्त्राचाही दाखला देण्यात आला: माडाला फांद्या नाहीत, त्याचे खोड एकदलीय वनस्पतीचे आहे, तेव्हा शास्त्रीय अर्थाने तो वृक्ष नव्हे. एकदलीय असण्याची गोष्ट खरी आहे. पण कायद्यातली व्याख्या वनस्पतींची कुळे लावण्यासाठी केलेली नसते. कशाला संरक्षण द्यायचे हे सांगण्यासाठी केलेली असते. बांबू गवताच्या कुळातला आहे म्हणून त्याच्या बनाला कुंपण नको असे कोणी म्हणत नाही. विरोधकांचा रोख वेगळ्याच ठिकाणी होता. सांगे तालुक्यातल्या एका नियोजित मद्यनिर्मिती प्रकल्पाच्या जागेत शेकडो माड होते आणि ते विनासायास तोडता यावेत म्हणून ही दुरुस्ती घाईने आणली गेली, असा त्यांचा आरोप होता. सरकारपक्षाने तो फेटाळला. माडांना मिठ्या मारून आंदोलने झाली आणि परदेशी वृत्तपत्रांनी ‘गोव्यात माड आता झाड नाही’ अशा आशयाच्या बातम्या चवीने छापल्या. २०१७ मध्ये सरकारची घडी बदलल्यावर माड पुन्हा कायद्याच्या कक्षेत आला आणि त्याला राज्यवृक्षाचा मानही मिळाला.

हा निर्णय फिरवला गेला हे बरेच झाले. किनाऱ्यालगतच्या भाटांवर, म्हणजे माडांच्या बागांवर, बांधकामाची नजर असताना संरक्षण काढून घेणे म्हणजे कुंपण पाडून मग राखणदार शोधण्यासारखे होते. तरीही दोन्ही बाजूंच्या भाषणांत परसातल्या माडाचा विचार फारसा झाला नाही. बागायतदाराचा माड आणि बिल्डरचा माड यांच्यामध्ये तिसराही एक माड असतो, जो आजोबांनी लावलेला आहे, आता स्वयंपाकघराच्या छपरावर कलला आहे आणि ज्याचा नारळ पडला तर कौले फुटतात किंवा माणूस जखमी होतो. धोकादायक झाड काढण्याचा आदेश देण्याची तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ मध्ये होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत ती कलम १५२ खाली आहे. मात्र तिचा उपयोग बहुधा शेजाऱ्याने तक्रार केल्यावर होतो. आपल्याच माडाविरुद्ध आपणच तक्रार कशी करायची, हा प्रश्न निवृत्त शिक्षकाला पडणे स्वाभाविक आहे. माड तोडावा की ठेवावा यावर एवढी चर्चा झाली, पण ठेवलेल्या माडावर दर तीन महिन्यांनी कोण चढणार, याची चर्चा त्या तुलनेत नगण्य होती. २०११ पासून देशातल्या नारळ-उत्पादक राज्यांत यंत्राच्या साहाय्याने माडावर चढण्याचे प्रशिक्षण तरुणांना देण्यास सुरुवात झाली आणि गोव्यातही असे वर्ग झाले. शिकलेली काही मुले हे काम करतात, पण एका घरचे चार-पाच माड पाडायला त्यांना यायला परवडत नाही. वाड्यावरची आठ-दहा घरे मिळून एकच दिवस ठरवतात तेथेच काम सुरळीत होते, आणि असा दिवस ठरवून फोन करत राहण्याचे काम गावोगावी निवृत्त पुरुषांकडे आले आहे.

घरातल्या घरात मात्र कामाची वाटणी इतकी बदललेली नाही. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात १८७० पासून लागू झाली आणि तिच्यातल्या वैवाहिक मालमत्तेच्या नियमांमुळे, वेगळा करार केलेला नसेल तर, पती-पत्नी मालमत्तेचे समान वाटेकरी असतात. बायकोच्या सहीशिवाय नवऱ्याला घर विकता येत नाही. आयकर कायद्यानुसार पगार सोडून इतर उत्पन्नही दोघांत निम्मे-निम्मे धरले जाते. घरभाडे आणि ठेवींवरचे व्याज याप्रमाणे विभागले जाते, केर काढणे आणि पोहे भिजवणे विभागले जात नाही. जिने तीस वर्षे शाळेत शिकवले, तिला शाळेतून निवृत्ती मिळाली. नरकचतुर्दशीच्या पहाटे दुधातले, ताकातले, गुळातले आणि फोडणीचे पोहे करण्यातून मिळाली नाही. २०१२ मध्ये राज्यात गृहिणींना दरमहा एक हजार रुपये देणारी योजना सुरू झाली आणि पुढे ती रक्कम दीड हजारांवर गेली, पण तिचा घोषित हेतू महागाईला हातभार हा होता. घरकामाचे मोल म्हणून ते पैसे दिलेले नव्हते. निवृत्तिवेतन घेणारी बाई त्या चर्चेत कुठेच नव्हती. खळ्याचे काम मात्र पुरुषांनी हळूहळू उचलले आहे असे दिसते. तासणे आणि चोपणे पूर्वी मजुराकडे असे, सारवणे बाईकडे. मजूर मिळेनासा झाल्यावर पहिले काम नवऱ्याकडे आले, आणि शेण मिळेनासे झाल्यावर दुसऱ्याचे स्वरूपच बदलले. गावात गुरे उरली नाहीत, म्हणून शेण आता दुधाच्या गोठ्यावरून बादलीने विकत आणावे लागते आणि पुष्कळ घरांत फक्त वृंदावनाभोवतीचे चार हात सारवून बाकीच्या जागेत फरशा बसवल्या आहेत.

शरदाच्या कामांत अलीकडे आणखी एक भर पडली आहे आणि ती पंचांगात नाही. निवृत्तिवेतन चालू राहण्यासाठी नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि हा महिना नेमका दिवाळी व तुळशीच्या लग्नाच्या आगेमागे येतो. पूर्वी त्यासाठी बँकेत किंवा कोषागारात जाऊन ओळीत उभे राहावे लागे. नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्र सरकारने बोटांच्या ठशांवर आधारलेला डिजिटल दाखला सुरू केला. चुना, माती आणि शेण हाताळलेल्या बोटांचे ठसे यंत्राला पटत नाहीत, ही तक्रार त्यानंतर सगळीकडे ऐकू येऊ लागली. २०२१ पासून चेहरा ओळखून दाखला देण्याची सोय झाली आणि ऐंशी ओलांडलेल्या केंद्रीय निवृत्तांना तो १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. ज्या घरात दोघांचेही निवृत्तिवेतन आहे तेथे दाखले दोन लागतात, मोबाइल बहुधा एकच चालता असतो, आणि दोघांपैकी ज्याला तो वापरता येतो त्याच्याकडे शेजारच्या चार घरांचे दाखलेही येतात.